बिनगाठीची कांडी

श्रावण पराते हा माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण पुढचं ऐकून कुणालाही त्याचा राग यावा, असंच ते आहे. दारू नाही, पत्त्यांचा नाद नाही, बायकोवर हात उचलल्याचं तर गल्लीत कुणी ऐकलंही नव्हतं. सक्करदऱ्याच्या तलावामागे विणकरांची जी गल्ली आहे, तिथे त्याचा माग होता आणि त्याच्या लुगड्यांना नाव होतं. खोड एकच, मोजण्याची. ताण्यात तार किती, बोटभर काठात धागे किती, सगळं त्याला तोंडपाठ. दुसऱ्याचं कापड नुसतं अंगठ्याखाली चाचपून तो सुताचा नंबर सांगायचा आणि वर म्हणायचा, "चुकलो तं मिशा काढून देईन." मिशा शेवटपर्यंत शाबूत राहिल्या.

घर म्हणजे एक लांबोडकी खोली आणि मागे पडवीसारखी सपरी. पुढे खिडकीशी खड्ड्यातला माग, त्यावर श्रावण. मागे सपरीत रहाट, त्यावर त्याची बायको कुसुमावती. ती रहाट फिरवून लडीचं सूत बोटाएवढ्या कांड्यांवर भरायची, ती कांडी श्रावणच्या धोट्यात जायची आणि धोटा इकडून तिकडे धावला की कापड पुढे सरकायचं. दोघांच्या मधे कुडाची भिंत होती. दिवसभर त्यांना एकमेकांचं तोंड दिसत नसे, फक्त आवाज. मागाची खटखट आणि रहाटाची घरघर. चोवीस वर्षांचा संसार म्हणजे बहुतेक तेवढाच.

रहाट थांबला की श्रावणच्या कानाला लगेच कळायचं. हातातलं काम न थांबवता तो ओरडायचा, "काहून थांबली वं?"

थोड्या वेळानं पलीकडून उत्तर यायचं, "धागा तुटला."

मग आणखी थोड्या वेळानं रहाट सुरू व्हायचा. हे दिवसातून वीस-पंचवीस वेळा. गेली सहा-सात वर्षं तर असा दिवस नव्हता की धागा तुटला नाही. श्रावणचं डोकं त्यानं तापायचं, पण ते बायकोवर नाही, सुतावर. इतवारीत गुलाबचंदचं सुताचं दुकान होतं. दर पंधरा दिवसांनी तिथे जाऊन श्रावण त्याच्याशी भांडायचा.

"सडकं सूत गळ्यात मारून राहिला तू आमच्या. माह्यी बायको दिवसभर धागे जोडूनच थकते!"

गुलाबचंद लडीतून एक तार ओढायचा, दोन्ही हातांनी ताणून दाखवायचा. "बराबर तं आहे श्रावणभाऊ. तूच पाह्य ना ओढून. दुसऱ्या कोनाची शिकायत नाही."

"दुसऱ्याच्या घरची कांडी पाह्यली काय तू? माह्यी बायको जोडते म्हणून खपते. तिच्या कांडीत गाठ दाखव, आताच्या आता माग विकून टाकतो."

हे तो छाती फुगवून सांगायचा आणि ते खरंही होतं. कुसुमावतीच्या कांड्या लोण्यासारख्या सुटायच्या. धोट्यातून आलेल्या सुतात कुठे गाठ म्हणून लागायची नाही. दिवसभर तुटणारं सूत आणि बिनगाठीची कांडी, या दोन गोष्टी एकाच तोंडानं, एकाच दमात तो सांगत होता. गुलाबचंद ऐकत होता, दुकानातली बाकीची गिऱ्हाइकं ऐकत होती. कुणाच्या टाळक्यात काही शिरलं नाही. श्रावणच्या तर नाहीच.

कुसुमावतीला दमा होता. त्यात लपवाछपवी काही नव्हती, साऱ्या गल्लीला माहीत होतं. थंडीत वाढायचा, सुताच्या धुळीनं वाढायचा. छातीतून शिट्टी वाजायला लागली की श्रावण तिला सायकल रिक्षात घालून मोठ्या दवाखान्यात न्यायचा, इंजेक्शन व्हायचं, गोळ्या मिळायच्या, की झालं. "दमा आहे, पण ताब्यात आहे," असं तो सांगायचा. एकुलती मुलगी मीरा उमरेडला दिली होती. ती माहेरी आली की म्हणायची, "बाबा, आई लय खंगली ना." त्यावर श्रावण म्हणायचा, "काम करते तं खंगनच. बसून खाणारे फुगतात."

शहाऐंशी सालच्या पावसाळ्यानंतर दवाखान्यात एक नवीनच प्रकार सुरू झाला. दम्याच्या माणसांसाठी एक फॉर्म आला होता, बावीस प्रश्नांचा. तो भरून घ्यायला प्रेमिलाताई नावाच्या एक बाई टेबल टाकून बसायच्या. चष्मा, सुती साडी, आवाज मऊ. कुसुमावतीनं आधी एका नळीत जोरात फुंकलं, काटा मधल्या जागी येऊन थांबला. मग त्यांनी दोघांना बसवून समजावलं.

"हवा किती जाते ते या नळीनं समजतं. पण त्या हवेवर माणूस जगतो कसा, ते नळी सांगत नाही. ते विचारूनच मोजावं लागतं. शंभरपैकी आकडा निघतो, जितका मोठा तितकं जगणं बरं."

जगणं मोजायचं म्हटल्यावर श्रावण खुर्चीत सरसावून बसला. असली मोजणी त्यानं अजून पाहिली नव्हती.

"पायऱ्या चढताना दम लागतो का?" प्रेमिलाताईंनी कुसुमावतीला विचारलं.

"नाई लागत," श्रावण म्हणाला. "आमच्या घरी पायऱ्याच नाई."

"भाऊ, त्यांना बोलू द्या."

"तिले काय विचारता ताई, ती बोलत नाई. मी सांगून राहिलो न."

"रात्री दम्यानं जाग येते?"

"नाई. मी बाजूलेच असतो न, मले तं कधी समजलं नाई."

"बाजाराला, देवळात, लग्नाकार्याला जाता?"

"बाजार मी करतो. लग्नाचा तिले नाद नाई. पयले भजनाले जाये, आता तेही सोडलं. शांत बाई आहे."

"दम्यामुळे घरातलं कुठलं काम सोडावं लागलं?"

इथे श्रावणला हसूच आलं. "काम? दिवसाले पंधरा कांड्या भरते ताई. आमच्या गल्लीत एका बाईची कांडी तिच्यासारखी दाखवा."

प्रेमिलाताईंनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही थोडा वेळ बाहेर बसता का? मला यांच्याशीच बोलायचं आहे."

श्रावणचं तोंड पडलं. चारचौघांत असं उठवल्यासारखं झालं. ते कुसुमावतीनं पाहिलं आणि पदर सारखा करत ती म्हणाली, "राहू द्या त्यायले. ते सांगतात तेच लिहा." नवऱ्यानं सांगितलेलं परक्या माणसासमोर खोडून काढायचं नाही, ही शिकवण तिला सासरी कुणी दिली नव्हती, ती माहेरूनच घेऊन आली होती. एवढं बोलून तिला थांबावं लागलं. प्रेमिलाताई तिच्याकडे बघत राहिल्या. श्रावण फॉर्मकडे बघत होता.

शेवटचा प्रश्न होता: गेल्या पंधरा दिवसांत करावीशी वाटली आणि दम्यामुळे करता आली नाही, अशी एखादी गोष्ट?

कुसुमावतीनं तोंड उघडलं.

"तिले काई करावं वाटतच नाई," श्रावण म्हणाला. "जे आहे त्यात सुखी आहे."

मग औषधाच्या खिडकीवर रांग लागलेली दिसली, तेव्हा तो चिठ्ठी घेऊन उठला. परत आला तोवर प्रेमिलाताईंची बेरीज झाली होती. शंभरपैकी अठ्ठ्याऐंशी.

आता हा माणूस किती खुळा, ते बघा. त्याला वाटलं, बायको परीक्षेत पास झाली! गल्लीत शिरल्यापासून ज्याला त्याला सांगत सुटला. "आमच्या मीरानं मॅट्रिकले नाई घेतले एवढे मार्क. अठ्ठ्याऐंशी!" शेजारच्या जनाबाईला सांगितलं, पुढे इतवारीत गेला तेव्हा गुलाबचंदलाही सांगितलं. त्या दिवशी कुसुमावती मागून हळूहळू येत होती. दारात पोचल्यावर चौकट धरून उभी राहिली आणि त्याचं सांगणं ऐकून हसली. तिच्या कशाचं तरी त्यानं कौतुक केलं होतं, तेवढंच तिला पुरलं असावं.

तोंडात औषधाचा फवारा मारायचे पंप तेव्हा दवाखान्यात नवीन आले होते, मोजकेच. आकडा ज्यांचा वाईट, त्यांना ते आधी द्यायचे असं ठरलं होतं. लोकांनी पंपासाठी रडगाणं गाऊ नये म्हणून ही गोष्ट कुणाला आधी सांगत नसत. अठ्ठ्याऐंशीवालीला गोळ्या चालू ठेवा म्हणून सांगितलं होतं. ठरवणाऱ्यांचंही काही चुकलं नव्हतं. कागदावर जे होतं त्यावरूनच त्यांनी ठरवलं.

पौषातली दुपार होती. पेठेतल्या एका लग्नाचं लुगडं मागावर होतं आणि श्रावण घाईत होता. उन्हाची तिरीप खिडकीतून ताण्यावर पडली होती, हात छान चालत होता. रहाट थांबला.

"काहून थांबली वं?"

उत्तर आलं नाही. कधी कधी उशिरा यायचं. त्यानं धोटा फेकला, फणी ओढली, पुन्हा धोटा फेकला. तुटला असेल धागा, जोडत असेल. गुलाबचंदला मनातल्या मनात एक शिवी हासडली. एकदा पुन्हा आवाज दिला, तोही कामावरची नजर न काढता. धोट्यातली कांडी संपेपर्यंत तो विणत राहिला. किती विणलं? चार बोटं. ते त्यानं नंतर मोजलं. कांडी संपली तेव्हा नवी घ्यायला म्हणून तो खड्ड्यातून उठला आणि सपरीत गेला.

कुसुमावती रहाटाच्या खुंटावर डोकं टेकून बसली होती. एक हात चाकावर तसाच होता. रहाटावरच्या कांडीपासून लडीपर्यंत सूत सरळ ताणलेलं होतं. कुठेही तुटलं नव्हतं. त्या वेळी ते त्याच्या डोळ्यांना दिसलं, डोक्यापर्यंत पोचलं नाही. तो तिला हलवत होता, जनाबाईला हाका मारत होता. रिक्षा आली तेव्हा डॉक्टरांची गरज राहिली नव्हती.

चौदावं झालं. मीरा उमरेडला परत गेली. लग्नाचं लुगडं तसंच मागावर ताटकळत होतं आणि लग्नघर तर थांबणारं नव्हतं. जनाबाई विधवा बाई, हात रिकामे होते, ती म्हणाली, "भाऊ, म्या भरून देतो कांड्या. तुमी बसा मागावर." तीच लडी, तोच रहाट. जनाबाई दुपारभर बसली. दुपारभरात रहाट दोनदाच थांबला. आणि त्या कांड्या विणताना श्रावणच्या अंगठ्याला दोनदाच गाठ लागली.

त्यानं हात थांबवला. तो कुडाकडे तोंड करून म्हणाला, "जनाबाई, दोनदाच तुटला?"

"दोनदाच. चांगलं सूत आहे भाऊ. याच्यात तुटासारखं काय आहे?"

श्रावण खड्ड्यातून वर आला. कोपऱ्यात टोपलीत कुसुमावतीनं शेवटच्या दिवशी भरलेल्या अकरा कांड्या होत्या. त्यांना तो अजून हात लावू शकला नव्हता. त्यानं एक उचलली आणि तिथेच मांडी घालून सूत उलगडायला लागला. अंगठा आणि बोट यांच्यामधून सारं सूत सरकत गेलं, संपलं. गाठ नव्हती. दुसरी उलगडली. तिसरी. त्या दिवशी सकाळपासून तिनं किती वेळा "धागा तुटला" म्हटलं होतं? दहा वेळा तरी. मग गाठी कुठे होत्या? तुटलेलं सूत गाठीशिवाय जुळत नाही, हे त्याच्या आज्यालाही माहीत होतं आणि पाळण्यातल्या पोरालाही माहीत असतं. अकरावी कांडी उलगडून झाली तेव्हा त्याच्या मांडीवर आणि भोवती सुताचा ढीग पडला होता आणि त्या ढिगात एकही गाठ नव्हती.

जनाबाई दारात येऊन उभी होती. तिला काय समजायचं ते समजलं.

"तिचा दम तुटे भाऊ," ती म्हणाली. "धागा नाई. छातीत हवा येवपर्यंत थांबे, मंग चाक फिरवे."

"तुले माहीत होतं?"

"साऱ्या बायायले माहीत होतं. पहाटे पाण्याले उठली का म्या पाहो, ती तुमच्या मागाच्या खांबाले टेकून बसली राहे. आडवं होता ये नाई तिले. भजनात सूर ओढता ये नाई म्हणून सोडलं तिनं. आमाले शपथ घातली होती का तुमाले सांगाचं नाई. तुमचा हात थांबते म्हणे."

श्रावण रडला. मोठा बाप्या माणूस, ओक्साबोक्शी रडला, आणि जनाबाईनं त्याला रडू दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दवाखान्यात गेला. प्रेमिलाताईंच्या टेबलासमोर त्याच खुर्चीत बसला. शेजारची खुर्ची रिकामी होती. त्यांनी त्याला ओळखलं, खुर्चीकडे पाहिलं आणि त्यांना विचारावं लागलं नाही.

"ताई, तो फारम पुन्हा लिहा," श्रावण म्हणाला. "म्या खोटं सांगतलं. मले माहीत नव्हतं का खोटं आहे, पण खोटंच होतं ते."

"भाऊ, आता त्याचा..." प्रेमिलाताई बोलायच्या थांबल्या. मग त्यांनी खणातून कोरा फॉर्म काढला.

या वेळी त्या एकेक प्रश्न वाचत गेल्या आणि तो एकेकाचं उत्तर देत गेला. आता त्याला कसली घाई नव्हती.

"रात्री दम्यानं जाग येते?"

"ती झोपतच नव्हती. मी झोपत होतो."

"काम करताना थांबावं लागतं? दिवसातून किती वेळा?"

"वीस. पंचवीस बी. एकेक वेळ माह्या कानानं मोजली ताई, पण सारी त्या गुलाबचंदच्या माथ्यावर मारली."

एकवीस प्रश्न झाले. बेरीज झाली. श्रावणनं विचारलं, "किती आले?"

"एकोणतीस."

"एवढ्या मार्कावर काई भेटत होतं काय तिले?"

प्रेमिलाताईंना खोटं बोलता आलं असतं. त्या बोलल्या नाहीत. त्यांनी पंपाचं सांगितलं. श्रावण ऐकून घेऊन नुसता मान हलवत राहिला.

"बाविसावा राहिला," मग तो म्हणाला. "तिले काय करावं वाटे, ते मले माहीत नाई. तो रिकामाच ठेवा."

प्रेमिलाताईंनी चष्मा काढला आणि पदरानं पुसला. पुसून झाला तरी पुन्हा घातला नाही.

"तुम्ही औषधाच्या खिडकीवर गेला होता ना, तेव्हा मी त्यांना पुन्हा विचारलं होतं. त्यांनी सांगितलं. पण म्हणाल्या, लिहू नका, घरातली गोष्ट आहे. मी लिहिलं नाही. लिहायला पाहिजे होतं."

"काय म्हणे?"

"म्हणाल्या, ते मागावरून आवाज देतात, काहून थांबली म्हणून. तेव्हा एकदा तरी लगेच ओ द्यावी वाटते. उत्तर द्यायलाही मला श्वास गोळा करावा लागतो. तोवर त्यांना वाटतं, मी ऐकलं नाही."

श्रावण घरी आला तेव्हा दुपार झाली होती. लुगडं पुरं करायचं होतं. जनाबाई सपरीत येऊन बसलीच होती. तो खड्ड्यात उतरला, धोटा हातात घेतला. खटखट सुरू झाली, पलीकडे घरघर सुरू झाली. घटकाभरानं रहाट थांबला.

श्रावणच्या तोंडात शब्द आलेच होते. चोवीस वर्षांची सवय ती. त्यानं ओठ मिटले, पाय वर घेतले, दोन्ही हात ताण्यावर ठेवले आणि तो थांबला.

"धागा तुटला भाऊ," जनाबाईनं आपणहून सांगितलं. गाठ मारून झाली, रहाट पुन्हा फिरायला लागला. "चालू द्या तुमचं."

पण श्रावणचा माग काही चालू झाला नाही. तो तसाच, कुडाकडे कान देऊन, ‘ओ’ची वाट बघत बसला.